मराठी फाइल उघडल्यावर अक्षरे बिघडलेली दिसतात तेव्हा काय करावे

संस्थेचे इतिवृत्त, सोसायटीच्या सभासदांची यादी, जुन्या दिवाळी अंकातील लेख किंवा घरच्या लग्नपत्रिकेचा मसुदा यांपैकी एखादी फाइल आपण उघडतो आणि मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे, प्रश्नचिन्हे किंवा रिकामे चौकोन यांच्या रांगा समोर येतात. ज्याने फाइल पाठवली त्याच्या संगणकावर ती व्यवस्थित दिसत असते, त्यामुळे दोष आपल्याच संगणकात आहे असे वाटते. मग कोणी फॉन्टमागून फॉन्ट बदलून पाहतो, कोणी विंडोज पुन्हा टाकून घेतो, तर कोणी सगळा मजकूर नव्याने टंकित करायला बसतो. काही दिवसांनी दुसरी फाइल येते आणि तोच प्रकार पुन्हा घडतो. ही अडचण वारंवार येते, कारण ती एकच अडचण नाही. वरवर सारख्या दिसणाऱ्या चार-पाच वेगवेगळ्या अडचणी आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. कधी कधी तर तो मजकुराचे कायमचे नुकसान करतो.

म्हणून सर्वांत आधीची सूचना अशी की बिघडलेली अक्षरे दिसताच फाइल सेव्ह करू नये. काहीही न बदलता ती बंद करावी, तिची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. हे मी आग्रहाने सांगते, कारण आमच्या वाचनालयात याची किंमत मोजावी लागली आहे. ग्रंथांची यादी एक्सेलमध्ये नीट भरलेली होती. ती दुसऱ्या संगणकप्रणालीत नेण्यासाठी साध्या सीएसव्ही प्रकारात (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेला नुसता मजकूर) साठवली गेली आणि काम झाले असे समजून मूळ फाइल काढून टाकली गेली. सीएसव्ही उघडली तेव्हा दाखल क्रमांक, किंमत आणि खरेदीची तारीख हे रकाने शाबूत होते, पण शीर्षक आणि लेखक या रकान्यांत केवळ प्रश्नचिन्हे होती. ‘वाचनालय’ या शब्दाच्या जागी सात प्रश्नचिन्हे: व, काना, च, न, काना, ल आणि य यांच्यासाठी प्रत्येकी एक. सगळी कपाटे उघडून, एकेक पुस्तक हातात घेऊन यादी पुन्हा लिहिण्यात आमचा एक अख्खा पावसाळा गेला.

बिघाडाचे रूप आधी ओळखावे

उपायाला हात घालण्यापूर्वी पडद्यावर नेमके काय दिसते आहे ते शांतपणे पाहावे. मजकुराच्या जागी सगळीकडे एकसारखी प्रश्नचिन्हे असतील तर मराठी अक्षरांचे संकेत, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षरामागे साठणारे क्रमांक, फाइलमधून पुसले गेले आहेत आणि त्या प्रतीतून काहीही परत मिळणार नाही. मूळ फाइल, ईमेलमधील जोडणी, पेनड्राइव्हवरील जुनी प्रत यांचाच शोध घ्यावा. रिकामे चौकोन दिसत असतील तर काळजीचे कारण नाही, कारण मजकूर सुरक्षित असून फक्त त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. मजकूर निवडून त्याला निर्मला यूआय, मंगल किंवा कोकिला यांपैकी एखादा फॉन्ट दिला की तो वाचता येतो.

रोमन अक्षरे दिसत असतील तर मात्र दोन अगदी वेगळ्या शक्यता असतात आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिल्या प्रकारात तिरपी रेघ डोक्यावर असलेला लहान ए आणि त्याला लागून चलनाचे गोल चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह ही जोडी दर दोन-तीन चिन्हांनंतर पुन्हा पुन्हा येते. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या मानकात आहे, पण उघडणाऱ्या प्रोग्रॅमने तो चुकीच्या पद्धतीने वाचला आहे, असा याचा अर्थ. यूटीएफ-८ या साठवणुकीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. प्रोग्रॅमने त्या तीन बाइटांना तीन स्वतंत्र युरोपीय अक्षरे समजले की एका ‘क’ ची तीन चिन्हे होतात. दुसऱ्या प्रकारात अशी ठरावीक जोडी नसते. तिथे मजकूर युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकित केलेला असतो, आणि आपल्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या फाइलींपैकी बहुतेक याच प्रकारच्या असतात, म्हणून त्याचा विचार थोडा सविस्तर करते.

जुन्या फॉन्टमधील मजकूर

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक, म्हणजे आयएस १३१९४, प्रसिद्ध केले. तरीही विंडोजमध्ये देवनागरीची सोय मंगल फॉन्टसह विंडोज २००० पासूनच आली, आणि तोवर छापखाने, वृत्तपत्रे व डीटीपी करणारे थांबून राहू शकत नव्हते. त्यांच्यासाठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक तोडगा काढला: रोमन अक्षरांसाठी असलेल्या घरांमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवले. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच राहिला. मराठी होती ती केवळ पडद्यावरची चित्रे.

एक उदाहरण जवळून पाहू. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला की फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे साठतात. ई च्या घरात म, जे च्या घरात र, के च्या घरात काना, मोठ्या बी च्या घरात ठ आणि एच च्या घरात दुसरी वेलांटी बसवलेली असते. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे साहजिकच ही पाच इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. ‘दिनांक’ हा शब्द घेतला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तिथे सर्वांत आधी एफ येतो, म्हणजे पहिली वेलांटी, आणि मग एन म्हणजे द. कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती आधी टंकित केली जाते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी द आणि नंतर वेलांटी साठवली जाते. रूपांतरात होणाऱ्या बऱ्याच चुकांचे मूळ या एका फरकात आहे.

त्यातही प्रत्येक फॉन्टवाल्याने घरे आपापल्या सोयीने वाटली. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी ही मराठी टंकनाची प्रणाली, पुण्याच्याच सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची आयएसएम ही तशीच प्रणाली आणि त्यातील सुरेख, योगेश हे फॉन्ट, टंकलेखन यंत्राच्या रेमिंग्टन मांडणीवर बेतलेला कृतिदेव या सर्वांच्या वाटण्या वेगळ्या आहेत. त्यामुळे श्रीलिपीतील मजकुराला कृतिदेव फॉन्ट दिला तर मराठी अक्षरे दिसतात खरी, पण शब्द लागत नाहीत. हेच वाटप उलट बाजूने आपल्या उपयोगी पडते. साधी लहान इंग्रजी अक्षरे आणि त्यांत के ची गर्दी दिसली तर मजकूर बहुधा कृतिदेवमध्ये आहे, कारण के म्हणजे काना आणि मराठीत कान्याची वाण नाही. जागोजागी डॉलरचे चिन्ह, महिरपी कंस आणि एम हे अक्षर दिसले तर श्रीलिपीची दाट शक्यता असते. तिच्यात क चे उजवीकडचे शेपूट डॉलरच्या घरात आणि काना एम च्या घरात असतो. डोक्यावर दोन टिंबे असलेला मोठा ओ ओळीओळीत पसरलेला दिसला तर सी-डॅकचा सुरेख किंवा त्याच कुळातील फॉन्ट समजावा. फाइल वर्डची असेल तर अंदाजाचीही गरज नाही: बिघडलेल्या ओळीत कर्सर ठेवला की वरच्या फॉन्टच्या चौकटीत मूळ फॉन्टचे नाव दिसते, मग तो फॉन्ट आपल्या संगणकावर असो वा नसो. हे नाव कागदावर लिहून ठेवावे.

मजकूर मराठीत व्यवस्थित दिसत असला तरी तो युनिकोड आहे की जुन्या फॉन्टमधला, हेही तपासता येते. त्यातील एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावी. मराठी राहिली तर युनिकोड, रोमन झाली तर जुना फॉन्ट. वर्डमध्ये आणखी नेमकी खूण मिळते. एखाद्या सुट्या ‘क’ च्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्या की युनिकोडमधील क च्या जागी ०९१५ हा त्याचा संकेतक्रमांक इंग्रजी अंकांत दिसतो, आणि त्याच कळा पुन्हा दाबल्या की क परत येतो. ०९ ने सुरू होणारा क्रमांक आला नाही तर तो क युनिकोडचा नव्हे.

नुसता वाचण्यापुरता मजकूर हवा असेल तर तोच जुना फॉन्ट आपल्या संगणकावर बसवला की काम भागते. मात्र मजकूर पुढे वापरायचा असेल तर तो युनिकोडमध्ये आणणे भाग आहे, कारण जुन्या फॉन्टमधील यादीत ‘कर्वे’ शोधले तर सापडत नाही, नावे अकारविल्हे लावली तर इंग्रजी घरांच्या क्रमाने लागतात, आणि मोबाइलवर पाठवली तर पुन्हा तीच रोमन अक्षरे दिसतात. यासाठी फॉन्ट परिवर्तक लागतो. ज्यांच्याकडे श्रीलिपी किंवा आयएसएम विकत घेतलेली असेल त्यांनी तिच्यातील रूपांतराची सोय आधी पाहावी. इंटरनेटवर विनामूल्य परिवर्तक आहेत, पण परिवर्तक नेमका आपल्या फॉन्टच्या नावाचा निवडावा, आणि सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती किंवा जमिनीचे व्यवहार असलेला मजकूर अनोळखी संकेतस्थळावर कधीही चिकटवू नये. अशा कागदपत्रांसाठी संगणकावरच चालणारा, इंटरनेट बंद ठेवूनही काम करणारा परिवर्तक घ्यावा.

रूपांतर एका दमात करण्यापेक्षा एकेका पानाने करणे श्रेयस्कर, कारण चुका लगेच डोळ्यांत भरतात. मजकुरात इंग्रजी शब्द असतील तर परिवर्तक त्यांनाही जुन्या फॉन्टमधील मराठी समजून विचित्र अक्षरांत बदलतो. त्यामुळे आधी मूळ फाइलमधील इंग्रजी शब्दांची यादी करून ठेवावी आणि रूपांतरानंतर ते हाताने घालावेत. नंतर ठरावीक जागा तपासाव्यात. पहिली वेलांटी जोडाक्षरावर असलेले ‘स्थिर’, ‘क्रिया’, ‘व्यक्तिगत’ यांसारखे शब्द, रफार असलेले ‘कार्यालय’, ‘वर्गणी’, ‘निर्णय’, आणि ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ यांतील ऱ्य ही हमखास घोटाळ्याची ठिकाणे आहेत. त्याहून फसवा दोष डोळ्यांना दिसतही नाही. जुन्या फॉन्टमध्ये ‘ओ’ ची खूण काना आणि मात्रा अशा दोन तुकड्यांनी बनत असे; हलक्या दर्जाचा परिवर्तक तिचे रूपांतरही काना अधिक मात्रा असेच दोन चिन्हांत करतो. ‘गोष्ट’ हा शब्द काही फॉन्टमध्ये बरोबर दिसतो, काहींत मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ येते, आणि शोधताना मात्र तो कुठेच सापडत नाही. वर्डच्या शोधा-आणि-बदला सोयीने काना-मात्रा या जोडीच्या जागी एकसंध ो, काना आणि दोन मात्रांच्या जागी ौ, तसेच अ आणि कान्याच्या जागी आ घालून घेतला की हा दोष संपूर्ण फाइलमधून निघून जातो.

एक्सेल आणि सीएसव्ही

आता येनच्या चिन्हाच्या प्रकाराकडे वळू. बँका, शाळांच्या प्रणाली आणि ऑनलाइन अर्जांतून मिळणाऱ्या सीएसव्ही फाइलींत तो नेहमी आढळतो. फाइलवर डबल क्लिक केले की एक्सेल ती अनेकदा युरोपीय संकेतांत उघडते. त्याऐवजी कोरी एक्सेल फाइल उघडून ‘डेटा’ या टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडावे, आपली फाइल दाखवावी आणि पुढच्या खिडकीत ‘फाइल ओरिजिन’ या जागी ‘६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)’ हा पर्याय घ्यावा, खालच्या नमुन्यात मराठी दिसू लागली की ‘लोड’ करावे. साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडावा. यादीत त्याच्या जवळपास असलेला नुसता ‘सीएसव्ही’ हा प्रकार मराठीसाठी घातक आहे, कारण तो प्रत्येक देवनागरी चिन्हाचे प्रश्नचिन्ह करतो. फाइल बंद करेपर्यंत पडद्यावर मराठीच दिसत राहते, त्यामुळे झालेले नुकसान ती पुन्हा उघडल्यावरच कळते. आमच्या यादीचे नेमके हेच झाले होते. नोटपॅडमध्येही साठवताना ‘एन्कोडिंग’च्या जागी एएनएसआय ही जुनी पद्धत असेल तर असाच अनर्थ होतो, म्हणून तिथे यूटीएफ-८ आहे ना, ते पाहावे.

पीडीएफ आणि जोडाक्षरे तुटणे

पीडीएफ नीट दिसते पण तिच्यातील मजकूर कॉपी केला की गिचमिड होते, अशी तक्रार बरेच जण करतात. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधलेला असल्याने चित्र बरोबर उमटते, मात्र त्यामागचे संकेत जुन्या फॉन्टचेच असतात. इथे अक्षरओळख सर्वांत सोपी: फाइल गुगल ड्राइव्हवर चढवून ती गुगल डॉक्सने उघडली की चित्रावरून वाचलेला युनिकोड मजकूर मिळतो, आणि एखादेच पान असेल तर मोबाइलवरील गुगल लेन्सनेही भागते. छपाई स्वच्छ असेल तर निकाल चांगला येतो. अनुस्वार आणि रफार तरीही नजरेखालून घालावेत.

युनिकोड मजकूर फोटोशॉप किंवा इनडिझाइन या सजावट आणि पानमांडणीच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवल्यावर पाय मोडलेली अक्षरे सुटी दिसतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, ती अडचण निराळी आहे. मजकूर शुद्ध असतो. जोडाक्षरे घडवणारी यंत्रणा बंद असते. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलमधून ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडावा, आणि फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमधील ‘टाइप’ या भागात दक्षिण आशियाई लिप्यांचा किंवा वर्ल्ड-रेडी असा मजकूर-पर्याय चालू करावा. जुन्या पेजमेकरला युनिकोड कळतच नाही, त्यामुळे तिथे याला उपाय नाही.

पुन्हा तीच वेळ येऊ नये म्हणून

नवीन मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्येच लिहिणे हा एकच टिकाऊ उपाय आहे, आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषेच्या विभागात मराठी जोडली की इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या प्रमाणित मांडणीचा कीबोर्ड मिळतो. विंडोज १० च्या २०१९ मधील सुधारणेपासून उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा मराठी फोनेटिक कीबोर्डही सोबत आहे. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करता येते. टायपिंगच्या संस्थेत रेमिंग्टनवर बोटे बसलेल्या टंकलेखकांना मात्र हे सांगितले की ते नाराज होतात, आणि त्यांची नाराजी योग्य आहे; वीस वर्षांचा वेग कोणी का सोडावा? त्यांनी तो सोडण्याची गरज नाही. युनिकोड म्हणजे कीबोर्डची मांडणी नव्हे. टंकलेखन यंत्राची मांडणी ठेवून युनिकोड अक्षरे उमटवणारी साधने आहेत, मायक्रोसॉफ्टच्या ‘मराठी इंडिक इनपुट’मध्ये तशी मांडणी मिळते, बोटे तीच चालतात आणि फाइलमध्ये खरी मराठी साठते.

मराठीच्या दोन खास अक्षरांबाबत सर्वांनी मिळून एक पद्धत ठेवली तर पुढचा बराच त्रास वाचेल. ‘दुसऱ्या’मधील ऱ्य दोन प्रकारे साठवता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर, पाय मोडून य, किंवा साधा र, पाय मोडून, मध्ये एक अदृश्य जोडखूण आणि मग य. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधाच्या लेखी ते वेगळे शब्द. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे ही कळ दाबली की ऱ मिळतो, आणि तोच वापरावा. ‘ॲड.’ किंवा ‘ॲप’ यांतील ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःचे घर २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्याआधीच्या सवयीने अ लिहून त्यावर अर्धचंद्र दिला जातो आणि काही मोबाइलवर त्या दोहोंमध्ये ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. एकसंध ॲ घातला की ते जाते.

छापखाना अजून जुन्या फॉन्टमधलाच मजकूर मागत असेल तर त्यांना रूपांतरित प्रत द्यावी, पण युनिकोडची मूळ फाइल आपल्याजवळ ठेवावी आणि छापून झालेल्या अंतिम मजकुरातील दुरुस्त्या त्या मूळ फाइलमध्येही करून घ्याव्यात. नाही तर पुढच्या वर्षी स्मरणिकेचे काम निघाले की कोणता मजकूर खरा, यावरून पुन्हा शोधाशोध होते. आणि कोणतीही मराठी फाइल पाठवण्याआधी ती स्वतःच्याच मोबाइलवर पाठवून उघडून पाहावी. मोबाइलवर जुने फॉन्ट नसतात, त्यामुळे फाइल तिथे वाचता आली तर ती समोरच्याकडेही वाचता येईल.